काचेची नळी आणि खारा बांगडा

डॉक्टरांनी माझी लघवी काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि उकळताच ती पेजेसारखी पांढरी झाली.

‘‘अल्ब्युमिन,’’ ते म्हणाले. ‘‘अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसं सत्त्व. ते रक्तात राहायला हवं, तुमचं बाहेर गळतंय. बाई, तुम्हाला नेफ्रायटिस झालाय. मूत्रपिंडाला सूज आली आहे.’’

मी म्हटलं, सूज तर माझ्या तोंडाला आणि पायांना आहे! सकाळी डोळे उघडत नव्हते आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती, म्हणून तर मी आले. मूत्रपिंड हे नावसुद्धा मी जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. आमचं घर मालवणचं, धंदा मासे खारवायचा. बांगडा चिरताना काटा लागतो, त्यावर मीठ बसतं, जखम चिडते, पू धरते. तिला कोण विचारतो! हात दर्यात बुडवायचे आणि पुन्हा कामाला बसायचं. डॉक्टर म्हणाले, त्या पुवातल्या जंतूंशी लढायला तुमच्या शरीराने जो बंदोबस्त केला, तोच उलटून मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांवर बसलाय. जखम सुकली आणि तीन आठवड्यांनी हे उपटलं.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी एकच विचारलं, ‘‘मूल होईल ना?’’

‘‘आता नको. बरेच जण यातून पूर्ण बरे होतात. काहींचं अल्ब्युमिन मात्र जात नाही, आणि वर्षांनी मूत्रपिंड निकामी होतं. तुमचं काय होणार ते ही नळीच सांगेल. ती सलग वर्षभर स्वच्छ निघाली, तर मुलाचं बघू. तोवर बिछान्यावर पडून राहायचं, पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यायची आणि मीठ बंद.’’

त्यांच्याच इस्पितळात, वेंगुर्ल्याला, मला खाट मिळाली. नवरा मुंबईला बोटीवर खलाशी. सोबत आगबोटीने आली ती सासू. तिला आम्ही आये म्हणतो. तिथे तिच्या भावाचं घर होतं. दोन्ही वेळा ती तिथून जेवण घेऊन यायची आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसायची.

तीन आठवडे गेले. बाकीचे पेशंट बरे होऊन घरी गेले, माझे पाय मात्र तसेच टम्म. बोट दाबलं की खळगा पडायचा. डॉक्टरांनी आयेला विचारलं, जेवणात मीठ घालता का?

‘‘चिमटीभर सुदिक घालूक नाय, देवाची आण!’’

‘‘मग देता काय?’’

‘‘पेज. आणि तोंडाक लावूक भाजलेलो खारो बांगडो. नुसती पेज गळ्याखाली उतरता काय?’’

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘अहो, मग खाऱ्यात काय साखर असते?’’

‘‘तां माशाचा मीठ! मासो टिकूक घालतंव. जेवणातला मीठ वेगळा.’’

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे जेवणाचं मीठ बरणीत आणि माशाचं मीठ पडवीत गोणीत. गोणीतलं मीठ आम्ही खातो, असं कुणाच्या मनातच येत नाही. मला असा संताप आला! पण काढू कुणावर? तीन आठवडे मीच मिटक्या मारत तो बांगडा खात होते.

आये व्हरांड्यात जाऊन रडली. दुसऱ्या दिवसापासून मात्र डबा आधी डॉक्टरांच्या टेबलावर उघडायला लागली. कोकमाच्या आगळात मीठ, लोणच्यात मीठ, पापडात मीठ. बिचारीला जिकडेतिकडे मीठच दिसायला लागलं. पंधरा दिवसांत माझे पाय उतरले.

घरी निघताना डॉक्टरांनी एक नळी दिली. दर महिन्याला लघवी उकळायची. गढूळ दिसली तर व्हिनेगरचे दोन थेंब घालून पुन्हा तापवायची. थेंबांनी निवळली तर ते साधे क्षार, घाबरायचं नाही. तशीच राहिली तर अल्ब्युमिन. मी रॉकेलच्या चिमणीवर उकळायची, बाहेरची काजळी पुसायची आणि दारात उजेडाला धरायची. आये पाठ करून उभी राहायची. बघायचं धाडस तिला होत नसे.

आठ महिने पांढरी झाक राहिली, मग गेली. त्यानंतर वर्षभर नळी स्वच्छ निघाली. डॉक्टर हसून म्हणाले, आता हरकत नाही.

दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात पाय पुन्हा सुजले. मी नळी उकळली. पांढरी! पोटातलं लाथा मारत होतं आणि मी चुलीपाशी बसून नुसती रडत होते. तेव्हा आयेने पहिल्यांदा ती नळी स्वतः हातात घेतली.

‘‘गो, थेंब घातलंस काय?’’

थेंब! ते मी घातलेच नव्हते. तिनेच ते घातले, पुन्हा तापवली आणि दारात उजेडाला धरली.

‘‘निवळला गो! सगळा निवळला!’’

त्याच आठवड्यात डॉक्टरांनीही तपासलं. पायांची सूज गरोदरपणातली नेहमीची होती.

माझी मुलगी आता शाळेत जाते. मी अजून वर्षातून एकदा लघवी तपासून घेते आणि मीठ बेतानेच खाते. तुमच्यापैकी कुणाचं तोंड सकाळी सुजत असेल, तर हात जोडून सांगते, लघवी तपासून घ्या. हातापायांवरची पुवाची जखम दर्याच्या भरवशावर सोडू नका. आणि हा आजार झालाच, तर लगेच आशा सोडू नका.

परवा घर सारवताना पाहिलं, तर आयेने ती नळी देवांच्या फळीवर ठेवलेली, वर जास्वंदीचं फूल.

‘‘आयेनू, मुताची नळी ती! देवाकडे कित्याक ठेवलात?’’

‘‘असांदे,’’ ती म्हणाली. ‘‘तिनाच माका नात दाखवल्यान.’’