आमचे साडू आणि अण्णांचा सर्व्हर

बंद पडलेल्या वस्तूंना मतदानाचा अधिकार असता, तर आमचे साडू हिंगोली जिल्ह्यातून बिनविरोध निवडून आले असते. मिक्सर, मोटार, इस्त्री, देवळापुढचा हायमास्टचा दिवा, कुणाचा तरी रुसलेला जावई, काहीही असो. वस्तू बंद पडली की लोक तिला आधी दोन चापट्या मारतात, मग शिव्या देतात आणि मग साडूंना फोन करतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळी नोकरी हिंगोलीच्या दूरध्वनी केंद्रात गेली आणि तिथेच त्यांना युनिक्स नावाच्या संगणकपद्धतीची दीक्षा मिळाली. तेव्हापासून त्यांचा एक ठाम सिद्धांत आहे की बंद पडलेली वस्तू कधीही खोटं बोलत नाही. "मशीन भांडून न्हाई राहिली, पाहुणे, गाऱ्हाणं सांगून राहिली," असं ते मला नेहमी समजावतात. मी भूगोलाचा मास्तर. पृथ्वी फिरते एवढं मला माहीत आहे, पण मिक्सर का फिरत नाही हे सांगता येत नाही, त्यामुळे मी मान डोलावतो.

ते यंत्रांना 'अहो' म्हणतात आणि माणसांना 'अरे'. मी धाकटा साडू असलो तरी पाहुणा, म्हणून मला तेवढं 'तुमी' मिळतं. कळमनुरीला एका लग्नात बुद्धवंदना सुरू होणार तोच माईकने कर्कश शीळ घालायला सुरुवात केली. मांडवातले सगळे कान झाकून मंडपवाल्याला शोधत होते. साडू पंगतीवरून खरकट्या हाताने उठले, कोपराने स्पीकरच्या खोक्याचं तोंड जरासं भिंतीकडे वळवलं आणि परत वरणभातावर येऊन बसले. शीळ बंद. मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाले, "त्याला सोताचाच आवाज ऐकू येऊन राहिला होता. माणूस बी असाच बिघडते." आणि पोळी मागितली. असं काहीतरी ते जेवता जेवता बोलून जातात आणि मी दोन दिवस त्यावर विचार करत बसतो.

त्यांची दुसरी सवय म्हणजे, बिघाड सापडेपर्यंत ते चहा घेत नाहीत. आणि बिघाड शोधायची त्यांची पद्धत एकच, यंत्र असो वा माणूस: शेवटचं कधी बरोबर चालू होतं आणि त्यानंतर काय बदललं? एकदा आमच्या घरात नवराबायकोचा अबोला चालू असताना ते आले. वातावरण बघून चहाचा कप बाजूला सारला. "शेवटचं कवा बराबर चालू होतं?" ही म्हणाली, "सोमवारपर्यंत, दाजी." "मंग सोमवारपास्नं काय बदललं?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काहीही नाही. ते तसेच बसून राहिले. कप निवला, दुसरा आला, तोही निवला. शेवटी माझंच मला आठवलं की टीव्हीच्या रिमोटसाठी मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल काढला होता. ही रोज बंद घड्याळ बघून सकाळ काढत होती, आणि डबा उशिरा मिळतो म्हणून तोंड मीच वाजवत होतो. सेल घड्याळात गेला, संसार पूर्ववत सुरू झाला आणि साडूंनी तिसरा कप घेतला. अशा माणसापुढे आदराने मान लवते, आणि थोडी खाली जातेच.

पण या सगळ्या करामतींच्या वर आहे तो अण्णांचा सर्व्हर. अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. हिंगोलीहून सुटलेल्या गाडीत कोण कुठे चढणार, कुणाची लेक कुठे दिली, कुणाची म्हातारी दवाखान्यात आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आता ते शिरड शहापूरला आमच्याकडे असतात, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातले प्रवासी एकेका थांब्यावर उतरून चालले आहेत. चेहरा दिसतो, नाव येत नाही. डॉक्टरांनी त्याला एक इंग्रजी नाव दिलं, तेही अण्णांच्या लक्षात राहिलं नाही. हे पहिल्यांदा कळलं साडूंना. आमच्यासारखे ते हळहळले नाहीत. "अण्णा, आठवण बाहेर काढून ठिवू," एवढंच म्हणाले, आणि युनिक्सच्याच पद्धतीने एक प्रोग्राम लिहून दिला. अण्णांनी दोन बोटांनी माणसं भरायला सुरुवात केली. माणूस दिसतो कसा, गाव कोणतं, नातं काय, आणि शेवटी एक रकाना साडूंच्या डोक्यातून आलेला: काय विचारावं. 'मुलीचं नर्सिंग झालं का विचारावे. जावयाचा विषय काढू नये.' दारात कुणी आलं की अण्णा पाणी मागवतात, तेवढ्यात 'उंच, हसताना डोळे मिटतो' असं काहीतरी टाइप करतात आणि मग असं काही स्वागत करतात की पाहुण्याला वाटतं, कंडक्टर साहेब अजून ड्युटीवर आहेत. ही सगळी माणसं सांभाळून ठेवणारा आणि मागितली की पुढे आणून उभी करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. मी त्याला कोठीदार म्हणतो.

या उन्हाळ्यात वीज गेली आणि अशी काही जोरात परत आली की संगणक जळाला. माणसांची नक्कल साडूंच्या चष्म्याच्या डबीत पेनड्राइव्हवर असते, पण साडू पुण्याला लेकीकडे. नवीन लॅपटॉप आला, त्यात विंडोज. कोठीदाराला युनिक्सचं घर लागतं, म्हणून विंडोजच्या पोटातच युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्सची एक खोली काढायची आणि त्याला तिथे बसवायचं, हे साडूंनी फोनवरून समजावलं. मी म्हणालो, तुम्ही निवांत या, तोवर मी बसवतो. माणसाने असं बोलू नये.

तेवढ्यात एक दिवस तांड्यावरचे गोविंदभाऊ आले. अण्णांच्या गाडीत त्यांची अर्धी हयात गेलेली. दारातूनच म्हणाले, "साहेब, वळखलं का?" अण्णांनी समोर बघितलं, मग टेबलावरच्या, जुन्या संगणकाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "वळखलं ना," म्हणाले, आणि सवयीने पाणी मागवलं. गोविंदभाऊ थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि पाणी पिऊन उठले. त्या दिवसापासून फाटकाची कडी वाजली की अण्णा आतल्या खोलीत जाऊन डोळे मिटून पडायला लागले. "झोपलेत," असं आम्ही सांगायचं. आयुष्यभर सगळ्यांना 'चला, पुढे सरका' म्हणणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मी जिद्दीला पेटलो. लिनक्सच्या खोलीने पहिलाच प्रश्न विचारला: वापरणाऱ्याचं नाव काय? संगणक अण्णांचा. वडिलांचं नाव उघडंबोडकं कसं लिहायचं? मी मराठीत, सावकाश, आदराने टाइप केलं: 'ती. अण्णा', म्हणजे तीर्थरूप. नाही म्हणाला. टिंब काढलं, नाही म्हणाला. वळणदार इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षराने सुरुवात करून, तरी नाही. वैतागून पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि पुन्हा उघडली, तर काहीही न विचारता आत घेतलं. मला वाटलं, आपली चिकाटी बघून वरमला. मग डी ड्राइव्हवर मोकळी जागा बघून माणसं ठेवायची कोठी थाटली आणि कोठीदाराला हाक मारली. तो आलाच नाही. इंग्रजीत दोन ओळी म्हणाला आणि मेला. रोज हाक मारायची, रोज त्याच दोन ओळी. पुढे पुढे मीही अण्णांशेजारी जाऊन पडायला लागलो.

साडू पुण्याहून आले ते हिंगोलीला घरीसुद्धा न जाता तसेच एसटीने आमच्याकडे उतरले. हात धुतले, चहा बाजूला सारला आणि त्या दोन ओळी, ज्या मी रोज बघत होतो पण एकदाही वाचल्या नव्हत्या, त्या तोंडाने हळूहळू वाचल्या, एखाद्या म्हाताऱ्याची तक्रार ऐकावी तशा. मग संगणकाला विचारलं, सध्या इथे कोण बसलंय? उत्तर बघून माझ्याकडे वळले. "पाहुणे, तुमी तर मालक होऊन बसले."

"मी? या घरात?" मी म्हणालो. आतून बायको हसल्याचा आवाज आला.

झालं होतं ते असं. 'ती.' हा शब्द त्या खोलीला कळला नाही. तिला सगळी लहान अक्षरं लागतात, इंग्रजीत, मध्ये जागा नाही, मान नाही, पान नाही. मी खिडकी आपटून बंद केली, तेव्हा नाव न घेताच तिने मला थेट घरमालक करून आत घेतलं. आणि हा कोठीदार मालकाच्या नावाने चालायला साफ नकार देतो.

"काहून पण?" मी विचारलं.

"मालकाला घरात सगळी मुभा असते. उद्या कोणी कोठीदाराला फसवलं, अन् त्याच्यापाशी मालकाच्या किल्ल्या असल्या, तर सगळं घर जाईन. म्हणून याला असा माणूस पायजे ज्याला कोठीबाहेर कायबी अधिकार न्हाई. कोणाचं ऐकत न्हाई असा न्हाई, ज्याचं कोणी ऐकत न्हाई असा." साडूंनी चष्मा पुसला. "घरात हाय का असं कोणी?"

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं लाटणं माझ्या दिशेने केलं. आतल्या खोलीतून, कित्येक दिवसांनी, अण्णांचा आवाज आला. "ह्याच्या नावानं करा."

तर माझं नाव, सगळी लहान अक्षरं, कुठलाही अधिकार नसलेला इसम, असं त्या खोलीत नोंदलं गेलं. साडूंनी कोठीदाराला माझ्या नावाने हाक मारली. पुन्हा नकार. माझी मान खाली गेली, पण साडू नवीन ओळ वाचत होते. "ऐका. हे म्हणून राहिले, दार सताड उघडं हाय, मी अशा घरात बसत न्हाई." डी ड्राइव्ह म्हणजे विंडोजचं अंगण. तिथे ठेवलेल्या पेटीला लिनक्सचं कुलूप लावल्यासारखं दिसतं, पण लागत नाही. कोठीदाराचा हट्ट असा की कोठी ज्याच्या नावावर, तिला हात लावायची मुभा फक्त त्यालाच पाहिजे. मोकळी जागा बघून मी अण्णांची सगळी माणसं अंगणात मांडायला निघालो होतो. साडूंनी कोठी उचलून लिनक्सच्या खोलीत आत नेली, माझ्या नावावर केली, कुलूप लावलं. म्हणजे आता हिशोब असा, की कोठी माझ्या नावावर, किल्ली फक्त मला आणि अधिकार मात्र कशाचाच नाही. मला या सर्व्हरबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

या वेळी तो काही बोलला नाही. तो गप्प राहिला म्हणजेच चालू झाला, हे साडूंचा चेहरा बघून कळलं. चष्म्याच्या डबीतून पेनड्राइव्ह निघाला आणि माणसं आत जायला लागली. अण्णा दाराशी येऊन उभे होते, ते कधी आले ते कुणाला कळलं नाही. आणि मग साडूंनी सगळं बंद केलं. अख्खा लॅपटॉप. अण्णांच्या तोंडून "अरे" निघालं.

"चालू झालं म्हंजी झालं असं न्हाई, अण्णा," साडू म्हणाले. "बंद करून परत चालू झालं, तर झालं."

लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत आमच्या घरात कुणी हललं नाही. बायकोची पोळी तव्यावर करपली, तिचा वास आला. मग साडू खुर्चीवरून उठले आणि अण्णांना तिथे बसवलं. अण्णांनी दोन बोटांनी टाइप केलं: तांडा, कानात बाळी, टोपी फिरवतो. पडद्यावर ओळी आल्या. अण्णांनी त्या मनात वाचल्या, ओठ हलत होते. मग मोठ्याने म्हणाले, "गोविंद हाय हा. याच्या आजारी मायला मी दवाखान्यापाशी गाडी थांबवून उतरवलं होतं." माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला फोन लाव. म्हण, साहेबांनी चहाला बोलावलं." साडूंनी मग बाजूला निवलेला कप उचलला आणि तसाच पिऊन टाकला. ही गरम करून देते म्हणाली, तर ऐकून घेतलं नाही. त्यांना हिंगोलीची गाडी धरायची होती.

आता पावसाळा सरत आला. अण्णा फाटक वाजलं की आत जात नाहीत, खुर्ची सावरून बसतात. टाइप करायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि शोधावी लागणारी माणसंही वाढली आहेत. साडू मात्र आले की अण्णा कीबोर्डला हात लावत नाहीत. एकदा मी गमतीने म्हणालो, यांना शोधा की. म्हणाले, "याला काय शोधायचं? हा तर घरचा." नाव काय, ते मी विचारलं नाही, साडूंनीही विचारू दिलं नसतं. मी शाळेतून घरी येतो तेव्हा हल्ली एखाद्या दिवशी अण्णा माझ्याकडे बघतात, थांबतात आणि हात कीबोर्डकडे नेतात. मी दारातच चपला काढत जरा रेंगाळतो. सर्व्हर चालू असतो, त्यामुळे फार वेळ लागत नाही.