नातीच्या मागाला मी मारलेली गाठ

मी चौथीपर्यंत शिकले आणि लग्न झाल्यापासून मागापुढं उभी राहिले. वडगावात आमच्या घरी दोन जुने यंत्रमाग होते. साडी विणताना उभ्या धाग्यांतला एखादा तुटला तरी तसला माग थांबत नाही. तो तसाच विणत जातो आणि साडीत फट पडते. म्हणून बाईनं डोळे लावून उभं राहायचं, धागा तुटला की माग बंद करायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. माझा जन्म त्यात गेला.

नात दहावीत होती. तिच्या शाळेत मुलांनी आपल्या हातानं यंत्रं करायची एक खोली सुरू झाली. तिनं सरांना सांगितलं, धागा तुटला की आपोआप थांबणारा माग करते. मोठ्या कारखान्यांत तसले माग असतात, त्यात नवल नव्हतं. पण आमच्यासारख्यांच्या जुन्या मागाला बसेल असं स्वस्तातलं तिला करायचं होतं. टेबलावर मावेल एवढा लाकडी माग तिनं केला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बारीक पट्ट्या केल्या आणि प्रत्येक धाग्यावर एकेक अडकवली. धागा ताठ असेतोवर पट्टी वर राहते. तुटला की ती खालच्या दोन तारांवर पडते आणि मोटर बंद होते. पत्र्यानं तिची बोटं चिरली. धागे मी भरून दिले. काम मला आवडलं होतं, पण तसं बोलले नाही. आमच्याकडं पोरांचं कौतुक तोंडावर करत नाहीत.

तिला पुढं इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचा होता. तिचा आप्पा, म्हणजे माझा मुलगा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला. तो म्हणायचा, मशिनीवर पोरी मी तरी बघितल्या नाहीत, कॉमर्स कर आणि साडीच्या दुकानात सावलीला बस. बरीच ओढाताण होऊन ठरलं की तालुक्याच्या प्रदर्शनात तिचा माग निवडला गेला तर डिप्लोमा, नाही तर कॉमर्स. माझा मुलगा शब्द फिरवत नाही.

प्रदर्शनाला मुलगा अर्धी सुट्टी टाकून आला, मीही गेले. नात सरांना बोलवायला गेली. जाताना म्हणाली, "आज्जी, हितंच बस. कुणाला हात लावू दिऊ नको."

मी कुणाला लावू दिला नाही. पण बसल्या बसल्या दिसलं, कडेचा एक धागा सुटलाय, सगळे धागे जिला बांधलेत त्या दांडीच्या खिळ्याला त्याचं टोक नुसतं गुंडाळलंय. बोटाला थुंकी लावली आणि गाठ मारली. विचार केलाच नाही. मागावरची बाई सुटा धागा बघून तशीच बसत नाही. आमची गाठ इतकी बारीक असते की घाईत शोधून सापडत नाही.

ते टोक तिनं मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. परीक्षकांपुढं ते सोडायचं, धागा ढिला होणार, पट्टी पडणार, माग थांबणार. हे तिनं आदल्या दिवशी शाळेत ठरवलं होतं, मला ठाऊक नव्हतं.

दोन परीक्षक आले. नातीनं मोटर सुरू केली, परीक्षक कन्नड बोलणारे होते म्हणून कन्नडमध्ये सगळं नीट सांगितलं आणि टोकासाठी हात घातला. टोक नव्हतं. तिनं चाचपलं, मग धागाच ओढला, जोरानं. दांडी उपटून आली. सगळे धागे ढिले, सगळ्या पट्ट्या एकदम खाली. मोटर बंद पडली.

एक परीक्षक हसून म्हणाले, "थांबला खरा. आता चालवून दाखव."

तो चालला नाही. ते पुढच्या टेबलाकडं गेले.

मुलगा तिला म्हणाला, "एक दांडी धड बसवता येईना, आणि म्हणं इंजिनिअर."

ती पडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागली. गाठ मी मारली हे मी सांगितलं नाही. बोलले असते तर तो चार माणसांत माझ्यावर ओरडला असता. एवढ्याला मी भ्याले.

आता ती कॉमर्सला जाते. कॉलेज सुरू होऊन महिना झाल्यावर एका दुपारी मी तिला सांगितलं, "ती गाठ मी मारली हुती गं."

वहीवरून मान वर न करता ती म्हणाली, "ठावं हाय, आज्जी. तसली गाठ शाळेत कुणाला येतीया?"

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"आप्पा तुला बोललं असतं. सगळ्यांम्होरं."

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर मी त्याला तिच्यासमोरच सगळं सांगितलं. तो टॉवेल हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "आई, हे तवाच सांगायचं हुतंस." डिप्लोमाच्या अर्जाची मुदत संपून गेली होती. पुढच्या वर्षी बघू, असंही तो म्हणाला, आपण होऊन. नात नको म्हणाली आणि त्याचं ताट वाढायला उठली.

त्यानंतर मी दोन-तीन दिवस तिच्यामागं लागले. ती रुसली नव्हती, रागावलीही नव्हती. तिला आता खरंच नको होतं.