काठोकाठ चहा

नारिन शहरातून जीप सुटली तेव्हापासून सिर्गाच्या तोंडाला खळ नव्हता. विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. उन्हाळाभर एका परदेशी विकास संस्थेत काम शिकायला लागलेली. आतापर्यंत शिकली काय, तर पाहुण्यांच्या बॅगा उचलायला आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायला. आज मात्र पाण्याच्या नव्या नळासाठी गावची बैठक तिनेच चालवायची होती.

तिची साहेबीण मारलूस ही डच बाई, ताडासारखी उंच, मनाची भली. तिने पुन्हा बजावलं, "नळ कुठे हवा ते बायकांच्या तोंडून आलं पाहिजे. मागच्या गावात एकही बाई बोलली नाही, आणि वरच्यांनी ते गावच सोडून दिलं."

"इथल्या बोलतील," सिर्गाने ठोकून दिलं.

गावचे वडीलधारे कलमात आजोबा, त्यांच्या अंगणात लोकरीचे नमदे अंथरले होते. वरच्या अंगाला उंच पांढऱ्या टोप्यांतले म्हातारे, खालच्या अंगाला बायका, आणि अगदी टोकाला समोवरापाशी चहा ओतणारी आजोबांची धाकटी सून, आसिल.

"नळ दुकानासमोर," आजोबांनी सिर्गाचं प्रास्ताविक मध्येच तोडलं. "त्यात विचारायचं काय?"

"आणि वहिनींचं मत?"

वहिन्या नान-रोटीचे तुकडे मोडत राहिल्या.

"माझ्या सुना माझ्यासारखाच विचार करतात," आजोबा म्हणाले.

सिर्गाने तऱ्हेतऱ्हेने विचारून पाहिलं. सासऱ्यासमोर तोंड उघडेल ती सून कसली! मारलूसचा चेहरा उतरत चालला. हेही गाव हातचं जाणार, असं सिर्गाला दिसू लागलं.

तेवढ्यात घरात बाळ रडलं आणि आसिल आत धावली. रिकामे प्याले समोवरापाशी तसेच पडलेले पाहून मारलूस मदतीला सरकली. इकडे चहा घोट-दोन घोटच ओततात. प्याला परत घ्यायचा, पुन्हा ओतायचा, जितका थोडा तितका मान. मारलूसने उदार हाताने पहिला प्याला काठोकाठ भरला. भरला प्याला म्हणजे, आता निघा!

सिर्गाने पाहिलं. एक शब्द बोलली असती तर प्याला तिथेच थांबला असता. शब्द अगदी जिभेवर आला, आणि तिने तो गिळला. प्याला हातोहात वर आजोबांपर्यंत गेला. एका काकूने हसू दाबायला डोईच्या रुमालाचं टोक दातांत धरलं.

आजोबांनी प्याल्याकडे पाहिलं, मग मारलूसकडे.

"अस्सं! पाहुणीच यजमानाला घराबाहेर काढते! उठा रे."

म्हाताऱ्यांनी उठतानाच्या रिवाजाप्रमाणे चेहऱ्यावरून हात फिरवले आणि सगळे फाटकाबाहेर पडले.

"मी काय केलं?" मारलूस घाबरली.

"नंतर सांगते. आधी बायकांकडे बघा!"

फाटक लागलं आणि अंगण फुटलंच.

"दुकानासमोर म्हणे! तिथून नदी हाकेच्या अंतरावर. नदीला पाणी पाजायचंय का?"

"मोटारी धुवायच्यात त्यांना."

"घरं वर आणि नळ खाली!"

बाळाला कडेवर घेऊन आसिल बाहेर आली ती बोलतच. "वर शाळेपाशी बसवा. हिवाळ्यात बादल्या घेऊन बर्फावरून चढून दाखवावं म्हणावं यांनी!"

सिर्गा धापा टाकत मारलूसला सगळं भाषांतर करून सांगत होती. एक वाक्य पुरं होईतो तीन नवी येत. मारलूस हसत होती, लिहीत होती.

फाटक करकरलं. आजोबा दारात उभे. बायका जागच्या जागी गोठल्या.

"आपल्याच अंगणातून हाकलल्यावर माणूस जाणार कुठे? भिंतीला बाहेरून टेकून बसलो होतो," ते म्हणाले. मग सिर्गाकडे वळले. "पोरी, शहरात वाढलीस. भरल्या प्याल्याचा अर्थ ठाऊक नव्हता?"

"होता, आजोबा."

"मग?"

"मग काय, गप्प बसले. या सगळ्या बसतात ना, तशी."

आता हे म्हातारं आपल्याला गावातून घालवून देतंय, असंच सिर्गाला वाटलं.

"जीभ आहे की विळा!" आजोबा पुटपुटले. मिशीखाली काहीतरी हललं. "आसिल, शाळेपाशी म्हणजे कुठे म्हणतेस?"

आसिलने रुमाल कपाळावर ओढला. मान खाली, पण आवाज स्वच्छ. "इथून नाही दिसायचं, बाबा. चढावं लागेल. आम्ही भरल्या बादल्या घेऊन चढतो, तुम्ही रिकाम्या हाती चढा."

सिर्गाने ते मारलूसला सांगितलंच नाही. तिला हसू आवरेना. "चला, चला!" एवढंच ओरडून ती चढणीला लागली, आणि तिच्या मागे अख्खं अंगण.