सरांचा तळहात

सरांच्या मुलाने त्यांना व्हीलचेअरसकट माझ्या घरात आणलं, तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी दारातूनच ओळखलं आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

नवागाममध्ये सर इंग्रजीचा क्लास घ्यायचे. आम्ही सगळी धुळ्याकडून इथे लूमवर कामाला आलेल्यांची पोरं. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. सरांचा जीव शुड बी, मस्ट बी, कॅन बी वाल्या वाक्यांवर. करणारा कोण ते सांगायचं नाही, फक्त कोणाचं काय व्हायला हवं तेवढं लिहायचं. ऑफिसचं इंग्रजी असंच असतं, म्हणायचे. ते खरं निघालं.

त्यांची एक पद्धत होती. ज्याचं वाक्य चुकेल त्याला पुढे उभं करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावरच वाक्यं करायची. मी कायम चुकायचे. 'शी शुड बी सेंट बॅक टु धुळे.' 'शी मस्ट बी गिव्हन अ बाथ.' वाक्य बरोबर आलं तरी सर शाबासकी देत नसत. नुसता तळहात खाली करत. म्हणजे बरोबर, बस. एकदा माझ्याच डब्यातलं खाणारी मैत्रीण उठली आणि म्हणाली, 'शी कॅन बी मॅरिड ऑफ.' तळहात खाली झाला. ती खुशीत बसली. घरी येऊन रडले तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मास्तर शे तो, बोलीच." मास्तर आहे, बोलणारच, एवढंच.

त्या रागावरच मी इंग्रजी शिकले. आता सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये सगळा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघते आणि गल्लीतले लोक अर्ज तपासून घ्यायला घरी येतात.

सरांना लकवा मारला होता. अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. मुलाने पुढे केलेला कागद वृद्धाश्रमाचा अर्ज होता.

"ताई, जरा चेक करून द्या ना. तिथले ट्रस्टी इंग्रजीच्या बाबतीत फार कडक आहेत. अर्ज आवडला नाही की परत पाठवतात."

सर माझ्याकडे बघत मान हलवत होते. त्यांना जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. अर्ज तसाच ओबडधोबड सोडला असता तर ते आणखी काही दिवस घरी राहिले असते.

मुलाने लिहिलं होतं, 'वी डोन्ट वॉन्ट टु कीप हिम.' खरं तेच होतं. मी ते खोडलं.

"असं लिहायचं नसतं. तुमच्या वडिलांनीच शिकवलंय," मी म्हणाले आणि नवं वाक्य लिहिलं. त्यात मुलगा नव्हता, सून नव्हती, कोणीच नव्हतं. मग सरांकडे तोंड करून, वर्गात वाचायचो तसं खणखणीत वाचलं, 'ही कॅन नो लाँगर बी लुक्ड आफ्टर ॲट होम.'

दया आली का? नाही आली.

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांचा धड असलेला हात मांडीवरून हळूहळू वर आला. मला वाटलं, नको म्हणतायत. मग तळहात खाली झाला.

"काय पाहिजे, पप्पा? झोपायचंय?" मुलाने विचारलं.

मी अर्जाची घडी करून त्याच्या हातात दिली. माझं वाक्य सरांनी पहिल्यांदाच बरोबर धरलं होतं.