हळद लाल करणारं पाणी

"हात वर कर. दोन्ही."

हाटेलाचा मॅनेजर न्याहारीच्या टेबलांमधून ओरडला. असा ओरडला, की मुळशी धरणातले मासे तळाला गेले असतील. शनिवारी मुक्कामाला आलेले पाहुणे पोहे खायचे थांबले. मी हात वर केले. सिनेमातल्या चोरागत.

माझ्या हातांची सालं निघत होती. कात टाकणारा नागसुद्धा मला बघून लाजला असता.

"ही भांडी घासणारी. वस्तीवरची," तो पाहुण्यांना म्हणाला. "यांच्यात खरूज घरोघर असते. काळजी करू नका, आजपासून तुमच्या ताटांना हिचा हात लागणार नाही."

एका बाईनं समोरची बशी बोटानं लांब ढकलली. ते बोट मला अजून दिसतं.

भांडी हौसाक्काकडं गेली. आक्का माझ्या शेजारच्या घरातली, माझ्या आईच्या वयाची. मला संडास धुवायला दिले, मोरीतल्याच साबणानं. चहाही पायरीच्या खाली बसून प्यायचा.

तसेच हात घेऊन संध्याकाळी घरी आले. त्यांना ओली हळद लावली, तर ती डोळ्यांदेखत लाल झाली. ताज्या रगतागत. सासू किंचाळली. भगत आला, बघून दोन पावलं मागं सरला. "देवी कोपलीया. कोंबडं लागंल." मी नववीपर्यंत शिकलेली, पण खरं सांगते, मीही मानलं. आठवडाभर वस्तीत माझ्या हातचं पाणी कुणी प्यालं न्हाई. हाटेलात खरूजवाली, घरी कोपवाली. मला स्वतःच्याच हातांचं भ्या वाटायला लागलं.

मग हौसाक्काचे हात सोलले. तिचीही हळद लाल.

तिथं माझं डोकं फिरलं. देवीचं माझ्याशी भांडण असेल, मी जिभेची तिखट. पण आक्काशी? ती तर देवीचं लुगडं धुते!

हळद लाल कशानं होते? चुन्यानं. कुंकू तसंच करतात. आश्रमशाळेत सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: आम्लारी हळदीला लाल करते, आम्ल तिला परत पिवळी करतं. मी आक्काच्या हाताला बांधलेली हळदीची चिंधी घेतली. लाल डागावर लिंबू पिळलं.

डाग पिवळा झाला.

"लिंबाला देवी भ्याली व्हय गं?" आक्का म्हणाली. कुणी हसलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी जनरेटरमागं निळा कॅन सापडला. गटारं मोकळी करायचं कॉस्टिक. हेच मॅनेजर पाण्याच्या बाटल्यांत भरून मोरीत ठेवायचा आणि म्हणायचा, नवीन साबण आहे, हातमोजे कशाला? बोटांना बुळबुळीत लागायचं, म्हणून आम्हालाही साबण वाटला. आक्का कॅनपासून मागं सरली. "डोळ्यात उडालं असतं तर गं?"

रविवारी मॅनेजरनं कागद पुढं केला. "इथे अंगठा दे. आजार तुला आधीपासूनच होता, एवढंच लिहिलंय. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"मला सही येते, साहेब."

येते, पण केली न्हाई. पांढरं घमेलं पाहुण्यांच्या मधोमध ठेवलं. त्याच्या साबणाची अख्खी बाटली ओतली, वर मूठभर हळद टाकली. घमेल्यात बकरं कापल्यागत झालं.

"हीच माझी खरूज," मी म्हटलं. "घाला हात, साहेब. साबणच हाय न्हवं?"

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. मग जवळ आला. पहिल्यांदाच हळू बोलला. "धरण खोल आहे, बाई. जपून येत-जात जा."

आता रोज वस्तीखाली एक जीप येऊन उभी राहते. काचा वर. कुणी उतरत न्हाई. सासू म्हणते, मिटव. भगतही म्हणतो, मिटव.

हाटेलात राबणाऱ्या आमी बायकांनी बसून ठरवलंय. कॅनवरचं नाव वाचून दाखवा, मोजे द्या, मग हात घालू. तोवर त्या मोरीत एकही ताट धुतलं जाणार न्हाई. एक भरलेली बाटली माझ्याकडं हाय. उद्या ती घेऊन मी पौडच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला निघणार हाय, हौसाक्का संगं. रस्ता धरणाच्या कडंनं जातो. त्याच रस्त्यानं जाणार, चालत, दिवसाढवळ्या.