निरीक्षण विहीर

टेपच्या टोकाला खडू चोळला आणि टेप पुन्हा विहिरीत सोडला. वर ओढून पाहिला, तर ओलीची रेघ मघापेक्षा खाली सरकली होती.

हौसाबाई काठावर बसल्या होत्या. विहीर त्यांचीच.

"काय म्हनतंय, म्याडम?"

"उतरलं, मावशी."

"अजून?"

"अजून."

त्यांचा स्वतःचा पंप आदल्या दिवसापासून बंद होता. मीच बंद ठेवायला सांगितला होता. तरी पाणी उतरत होतं. बांधापलीकडे एका आयटी कंपनीच्या प्लॉटवर नव्या बोअरचा पंप चालू होता. त्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता.

मी विद्यापीठात भूशास्त्र शिकवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा विहिरी खणायचे. बिबवेवाडीत आज ज्या सोसायट्या आहेत, त्यांतल्या काहींच्या पार्किंगखाली बाबांनी खणलेल्या विहिरी बुजलेल्या आहेत. हे मी सगळीकडे सांगते. लपवण्यासारखं त्यात मला कधी काही सापडलं नाही.

त्या काळी आजूबाजूच्या गावांतले लोक विभागात सरळ चालत यायचे. "पानी बघायला मानूस पाठवा," म्हणायचे. आम्ही जायचो. जमिनीत लोखंडी सळया रोवायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खालचा खडक तिला किती अडवतो ते मोजायचं. कोरडा कातळ जास्त अडवतो, ओला खडक कमी. एवढंच त्यातलं शास्त्र, बाकी पायपीट. हौसाबाईंची विहीर अशीच, मी एम.एस्सी.ला असताना आमच्या एनएसएस कॅम्पने दाखवलेली. पाणी लागलं तेव्हा गावाने आमच्या सरांना फेटा बांधला; तेच पुढे विभागप्रमुख झाले. त्या पाण्यावर हौसाबाईंनी कोथिंबीर आणि मेथी काढली. रोज सकाळी गाठोडं घेऊन मार्केट यार्डात जायच्या. नवरा गेल्यावर घर त्यावरच चाललं.

मग दिवस बदलले. अनुदान आटलं. विभागांनी आपापलं कमवावं, असं वरून आलं आणि कन्सल्टन्सी सेल निघाला. याच कंपनीचं काम माझ्या टेबलावर आलं. बांधकामासाठी आणि पुढे बागेसाठी त्यांना बोअर हवं होतं.

"सर, शेजारी विहीर आहे," मी विभागप्रमुखांना म्हणाले. "आपणच दाखवलेली."

"मग तर ओळखीचा एरिया. काम लवकर उरकेल."

"पण तिचं पाणी ओढलं जाईल."

"बाई, गावांनी आजवर आपल्याला फेटे दिले. फेट्यांवर लॅब चालत नाही."

सर वाईट नव्हते. फेटा बांधलेला त्यांचा फोटो शेवटपर्यंत केबिनमध्ये होता.

बाबांची एक पद्धत होती. नवी विहीर खणायच्या आधी ते शेजारच्या विहिरीवाल्याला बोलावून घ्यायचे आणि नारळ त्याच्या हातून फोडायचे. त्याला काही बोलायचं असेल तर तो तेव्हाच बोलायचा. पुढे भांडण नको. कंपनीच्या प्लॉटवर हौसाबाईंच्या हातून नारळ फोडून घेणं मला जमणारं नव्हतं. मी पंपिंग टेस्ट मागितली. म्हणजे नवं बोअर सलग चालवायचं आणि जवळच्या विहिरीतलं पाणी उतरतं का, ते मोजत राहायचं. त्या जवळच्या विहिरीला आम्ही निरीक्षण विहीर म्हणतो.

कंपनीचे अ‍ॅडमिन मॅनेजर पटवर्धन लगेच तयार झाले. "मॅडम, मी तुमच्याच विद्यापीठाचा. बी.कॉम. टेस्ट व्हायलाच पाहिजे."

हौसाबाईंना तर विचारावंही लागलं नाही. "तुमी म्हनताय तर करा की. विद्यापीठाचं काम हाय." कोथिंबीर पाण्याला आलेली असताना त्यांनी पंप बंद ठेवला. वर आमच्या टीमला पिठलं-भाकरी खायला घातली.

टेस्टचा निकाल स्वच्छ होता. हौसाबाईंच्या विहिरीचं पाणी उतरलं आणि ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या विहिरीचं जागचं हललं नाही. याचा अर्थ, खालच्या कातळात एक फट होती. ओढ्याकडून यायची, हौसाबाईंच्या विहिरीखालून जायची आणि कंपनीच्या प्लॉटमध्ये शिरायची. त्या सगळ्या शिवारात पाण्याची वाट तेवढी एकच.

मी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत, कारण क्लायंट कंपनी होती. नव्या बोअरमधून रोज किती उपसा चालेल, त्याची मर्यादा घातली. बांधालगत दुसरं बोअर घेऊ नये, शेजारची विहीर कोरडी पडेल, हे ठळक अक्षरात लिहिलं. कुणाला शंका राहू नये म्हणून नकाशा जोडला. त्यावर ती फट लाल रेघेने दाखवली. सर म्हणाले, "विभागातून गेलेला इतका चांगला रिपोर्ट मी पाहिला नाही." मलाही तसंच वाटलं होतं.

दिवाळीनंतर हौसाबाईंचा फोन आला. गावातल्या एसटीडी बूथवरून.

"म्याडम, बांधाला खेटून मशीन लागलंय. गाडी लै आवाज करतीया. तुमास्नी ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी पटवर्धनांना फोन लावला.

"अहो, बांधालगत बोअर घेऊ नका, असं मी लिहिलं होतं."

"हो मॅडम, वाचलं ना. एक्सलंट रिपोर्ट. पहिल्या बोअरची मर्यादा आम्ही पाळतोय. रजिस्टर आहे, येऊन बघा."

"मग हे दुसरं?"

"पाणी त्या लाल रेघेवर आहे, असं तुमचाच मॅप म्हणतो. आमचा ड्रिलर म्हणाला, एवढी पक्की जागा आम्हाला कुणी दाखवत नाही. आणि जागा आमच्या हद्दीत आहे. लीगलला विचारलंय."

"शेजारची बाई त्या विहिरीवर जगते हो."

"मॅडम, त्यांच्या घरातलं कुणी असेल तर हाउसकीपिंगला सांगतो मी. खरंच सांगतो."

सर स्वतः कंपनीत जाऊन आले. विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्रही दिलं. उत्तर आलं नाही. "आपण सल्ला देतो, बाई," सर म्हणाले. "हुकूम द्यायला आपण कोण?" त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात नेहमीचा टोमणा नव्हता.

मी तहसील कचेरीतही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी रिपोर्ट चाळला. "काम तुमचं, नकाशा तुमचा, आणि तक्रारही तुमचीच?" म्हणाले आणि चहा मागवला.

होळीच्या सुमाराला विहीर कोरडी पडली.

मी गेले तेव्हा वाफे पांढरे पडले होते. पंप काढून पडवीत ठेवला होता, गोणपाटात गुंडाळून. हौसाबाईंनी मला तांब्याभर पाणी दिलं. ते टँकरचं होतं. मी ते प्यायले.

"मावशी, रिपोर्ट आणलाय," मी म्हणाले. "वाचून दाखवते." दुसरं काही न्यायला माझ्यापाशी नव्हतंच.

आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. मी एकेक ओळ मराठीत करून सांगत गेले. फट कुठून येते, कुठे जाते. किती पाणी उपसावं. बांधाजवळ बोअर का घेऊ नये. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी नकाशावरच्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"ही आमची इहीर?"

"हो."

"आन् ह्ये समदं तुमी आदीच लिवलं व्हतं?"

"हो, मावशी."

"मंग वाचलं कुनी?"

"त्यांनीच," मी म्हणाले. "नीट वाचलं."

त्यांनी रिपोर्टची घडी घालून माझ्या हातात दिली आणि टँकर आला का, ते बघायला उठल्या.

पुढे नोकरीत असेपर्यंत मी एक नियम पाळला. ज्याची विहीर मोजायची, त्याला निकाल आधी सांगायचा, त्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर. क्लायंटला नंतर. कन्सल्टन्सी सेलला हे पटलं नाही आणि माझ्याकडची कामं हळूहळू बंद झाली. बाबा फक्त चौथी शिकले होते, पण नारळ कुणाच्या हातून फोडायचा ते त्यांना ठाऊक होतं.