लॉकला घातलेली आंघोळ
उदगीरला एका ताईच्या छपाईच्या दुकानात म्या कागद कापायचो. शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराची अन् माझी वळखच न्हाई, त्यामुळं भांडण बी न्हाई.

ताई कम्प्युटरवर मराठी मजकूर जुळवायच्या. कम्प्युटरच्या मागं बोटाच्या पेराएवढं लॉक खुपसलेलं असायचं. कुणी चोरून वापरू नये म्हणून सॉफ्टवेअरवाल्यानं दिलेलं. ते काढलं की मराठी बंद. त्या साली दुष्काळ होता, अन् वरून उदगीर जिल्हा होणार अशी हवा. जिल्हा व्हायच्या आधीच लोकं 'जिल्हा उदगीर' छापलेले लेटरहेड मागून राहिले होते. ताईला चहा प्यायला फुरसत न्हाई.

खंडेनवमी आली. ताई बौद्ध, त्यांच्या दुकानात पूजा न्हाई. पण मला राहवलं न्हाई. ताई यायच्या आधी म्या कटरला, मशीनला हळदकुंकू लावलं. मग वाटलं, समद्या दुकानाचं पोट ह्या लॉकवर, अन् हेच पारोसं? उपटलं, बादलीत बुचकळलं, चिंचेनं घासलं. आठ दिवस माझी सोताची आंघोळ न्हाई, पण लॉक कसं लखलखीत!

ताईनं कम्प्युटर चालू केला. मराठी गायब.

"मामा, लॉकला काय केलंय?"

"पूजा केली, ताई."

"ओली पूजा?"

"हाव. चिंच बी लावली."

"चटणी करायची होती का त्याची?"

ताईनं नांदेडच्या डीलरला फोन लावला. तो म्हणला, खराब झालं असलं तर बदलून देतो, पण लॉकवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरला नंबर पायजे. नंबर न्हाई तर हरवलं असंच धरायचं, अन् समदं सॉफ्टवेअर नव्यानं घ्यायचं. ताईनं लॉक उलटंपालटं करून बघितलं. चिठ्ठी म्या घासून काढलेली. ताई नव्या सॉफ्टवेअरच्या किमतीचा हिशेब मांडायला लागल्या. मला लई भ्या वाटलं.

मग ध्यानात आलं, दुष्काळात लॉक धुतल्यालं पाणी बी कोण फेकतंय? फरशी पुसायला म्या बादली टेबलाखाली सरकवली होती. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. चिठ्ठी बुडाला चिकटून बसलेली.

दसरा झाल्यावर लॉक अन् चिठ्ठी डबीत घालून एसटीनं नांदेडला गेलो. डीलरनं लॉक नाकाला लावलं.

"आंबूस वास कशाचा येऊन राहिला हो?"

"ताईनं बोलू नका म्हणून सांगितलंय."

तो फॉर्म भरायला बसला. खराब व्हायचं कारण काय? पाणी, म्या म्हणलं. तो पेन ठेवून हसायला लागला. "मामा, लातूरकडून औंदा पाण्यानं खराब झालेलं हे पहिलंच आलं बगा!"

चार दिवसांनी नवं लॉक आलं. ताईनं सोता लावलं, अन् मागं एक कागद चिकटवला: 'हात लावू नये.' मग माझ्याकडं बघितलं, कागद काढला, त्याच्यावर एक पंजा काढला अन् भली मोठी फुली मारली.

गिऱ्हाइकं इचारायची, "हा कुणाचा पंजा?"

"माझा," म्या सांगायचो. "वळखू येईना का?"